खुल्या सभेतील बंद तोंड

1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार रत्नागिरी नगरपरिषदेची सभा सामान्यतः जनतेसाठी खुली असते. मात्र ‘खुली’ म्हणजे कान उघडे ठेवून बसण्याची मुभा, कारण तोंड उघडून व्यत्यय आणणाऱ्याला पीठासीन अधिकारी, म्हणजे सभा चालवणारा, बाहेर काढू शकतो. लगतच्या नाचणे गावचा मतदार ग्रामसभेत, म्हणजे गावच्या सर्व मतदारांच्या सभेत, सरपंचाला हिशेब विचारतो, आणि शहरात राहायला आला की त्याची श्रोतेपदी बढती होते. वॉर्डपातळीवर बोलायला जागा देऊ शकणाऱ्या प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती 3 लाख लोकसंख्येपासून लागू होत असल्याने, 2011 च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या घरात असलेल्या रत्नागिरीकरांनी नळाच्या पाण्याविषयी बोलण्यापूर्वी चौपट व्हावे हे उत्तम. तोवर नाक्यावरच्या गजालींना गणपूर्तीची, अर्थात किमान उपस्थितीची, अटही नाही.