तळमजला चार मजले खाली

मिझोरममधल्या ऐजॉलला निघालोय म्हटल्यावर सोसायटीत दोनच प्रश्न आले. "व्हिसा लागतो का?" आणि "खायला काय मिळतं?" व्हिसा लागत नाही, पण लेंगपुई विमानतळावर उतरल्यावर इनर लाइन परमिट मात्र लागतं. १८७३ साली इंग्रजांनी केलेल्या नियमाचं हे पिल्लू. आपल्याच देशात फॉर्म भरून आणि फी मोजून आत शिरताना दाजी म्हणाले, "इंग्रज गेले, पण पावतीपुस्तक ठेवून गेले."

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. खंबाटकी काय नि कुंभार्ली काय, हॉर्न दिल्याशिवाय त्यांनी एक वळण घेतलं नाही. विमानतळापासून शहर तीसेक किलोमीटर. रस्ता डोंगराच्या कडेकडेनं, आणि आमचा ड्रायव्हर मुखदुर्बळ. प्रत्येक वळणाला दाजींचा तळहात स्वतःच्याच गुडघ्यावर दाबला जायचा.

शहरात शिरलो आणि गाड्यांच्या रांगेत अडकलो. डावीकडे दुचाक्या एकामागे एक, उजवीकडे मोटारी एकामागे एक. समोरून येणाऱ्यांसाठी अर्धा रस्ता मोकळा, आणि त्यात कोणी घुसत नव्हतं. आवाज म्हणाल तर इंजिनांचा तेवढा. दाजींना ते सहन होईना.

"अरे, समोर एवढी जागा आहे नि कोणी नाक खुपसत नाही. यांना लायसन्स दिलं कोणी?"

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, हे त्याचं नशीब. आमचं नशीब असं, की रांग हळूहळू का होईना, सरकत राहिली. आपल्याकडे एव्हाना चारजण उतरून ट्रॅफिक हवालदार झाले असते.

हॉटेलात दाजींनी गुडघा पुढे केला. "जिने जमत नाहीत. तळमजल्यावर खोली द्या." काउंटरवरच्या मुलीनं हसून किल्ली दिली आणि जिना दाखवला. उतरायचा! ऐजॉल उभ्या उतारावर वसलंय. रस्त्याला लागतो तो बऱ्याचदा वरचा मजला, बाकीची इमारत दरीत उतरत जाते. आमचा तळमजला चार मजले खाली होता. खिडकीतून खालच्या आळीतल्या घरांचे पत्रे दिसत, आणि त्यांच्याही खाली आणखी पत्रे. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, सगळं एकाखाली एक. चहा हवा असला की गिर्यारोहण.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. इथला रविवार म्हणजे आपल्या दुपारी एक ते चारला लाजवणारा बंद. दुकानं बंद, टॅक्स्या जवळजवळ गायब, सगळं गाव ठेवणीतले कपडे घालून चर्चमध्ये. डोंगराच्या या अंगानं एक गाणं आणि त्या अंगानं दुसरं ऐकू येत होतं. संध्याकाळी साडेपाचला जेवणाचा निरोप आला. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, मग लोक तरी काय करणार? ताटात भात आणि 'बाय', म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या. तेल नाही, फोडणी नाही. दाजींनी पिशवीतून ठेचा काढला. मला विचाराल तर ती भाजी ठेच्याशिवायच चांगली लागत होती.

या शांततेमागे एक आवाज आहे, तो पर्यटनाच्या पत्रकात नसतो. मार्च १९६६ मध्ये, मिझो बंडाच्या काळात, याच शहरावर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी हल्ला केला होता. शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं, राज्याचा दर्जा १९८७ ला मिळाला. दाजींच्या वयाच्या माणसांनी इथं तो हल्ला बघितलेला आहे. दाजी हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि हा प्रवासातला एक विक्रमच.

सोमवारी सेलिंगच्या बाजूला गेलो. रस्त्याकडेला बांबूची टपरी, फळीवर पपया, लिंबं, भोपळे, पुठ्ठ्यावर कोळशानं लिहिलेले भाव आणि पैशांसाठी प्लास्टिकचा डबा. दुकानदार नाही. तो शेतावर. मिझोरममध्ये अशी दुकानं ठिकठिकाणी चालतात, गिऱ्हाइकाच्या भरवशावर.

दाजींनी पहिल्या भावाला आजवर काही घेतलेलं नाही. "पपई तीसला?" त्यांनी सवयीनं विचारलं. "पंचवीसला द्या." समोर बांबू. मग ते ठरलेल्या पद्धतीनं पाठ फिरवून गाडीकडे चालू लागले. चार पावलांवर रेंगाळले. मागून हाक आली नाही. परत आले, पपई दाबून पाहिली, "कच्ची आहे," असं भोपळ्याला सांगितलं आणि पुन्हा निघाले. पुन्हा थांबले.

शेवटी पन्नासची नोट डब्यात टाकली, त्यातनंच वीस रुपये उचलले आणि ते ड्रायव्हरसमोर दोनदा मोजून दाखवले. त्यानं मान हलवून गाडी सुरू केली.

दोन वळणं गेल्यावर दाजी म्हणाले, "पाच रुपये जास्तच गेले. माणूस असता तर पंचवीसला नक्की दिली असती."