फिल्टर कधी बदललास?

न्यू जर्सी असो, शिकागो असो की टोरांटो, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारीत कुणी ‘फर्नेसमधून गार वारा येतोय’ एवढं लिहायचा अवकाश, मंडळातल्या दुरुस्तीवाल्या काकांचा फोन आलाच. हॅलो नाही, कसे आहात नाही. थेट, “फिल्टर कधी बदललास?” गाडी चढावर दमत असेल तरी हाच प्रश्न, भांडी धुवायचं यंत्र पाणी सोडत नसेल तरी हाच. मंडळाच्या नाटकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर काका ध्वनिव्यवस्थेत फिल्टर शोधतील. माणूस वैतागतो, आणि ते साहजिकच आहे. पण वैतागणाऱ्याने तळघरातलं घर तापवणाऱ्या फर्नेसचं धूड कसं चालतं ते एकदा समजून घ्यावं. काकांचा प्रश्न कंटाळवाणा आहे, पण तो बरोबर आहे.

थर्मोस्टॅटने ऊब मागितली की आधी धूर बाहेर काढणारा छोटा पंखा फिरतो. तो खरंच ओढतोय ना, याची खात्री प्रेशर स्विच करतो. मग इग्नायटर लाल होतो, गॅस सुटतो, ज्वाळा धरते आणि थोड्या वेळाने मोठा पंखा गरम हवा घरभर पाठवतो. फिल्टर धुळीने बुजला असेल तर हवा पुरेशी फिरत नाही, आतला हीट एक्स्चेंजर नको इतका तापतो, आणि लिमिट स्विच गॅस तोडून टाकतो. पंखा मात्र यंत्र निववण्यासाठी फिरतच राहतो. वर सोफ्यावर कुडकुडणाऱ्याला वाटतं फर्नेस मेली. खाली ती स्वतःचा जीव वाचवत असते. यावर कुणी म्हणेल, गार वाऱ्याला कारणं काय एकच आहे? मुळीच नाही. थर्मोस्टॅटवरचा पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर राहिला असेल, ज्वाळा ओळखणारी धातूची कांडी काजळली असेल, नव्या पद्धतीच्या फर्नेसमधल्या पाण्याचा निचरा तुंबला असेल किंवा घराबाहेरचे प्लॅस्टिकचे पाइप बर्फाखाली गाडले गेले असतील. काकांना हे सगळं पाठ आहे. फर्नेसच्या दारावरच्या काचेतून लुकलुकणारा दिवा ते मोठ्याने मोजतात आणि आतल्या तक्त्याशी ताडून पाहतात. पण सुरुवात करतात ती सर्वांत स्वस्त आणि नेहमी घडणाऱ्या कारणापासून. निदानाची याहून शहाणी रीत कुठली?

गॅसच्या यंत्रात हौशी माणसाने हात घालू नये, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण अस्सल काका वासाची शंका आली की पान्हा शोधत नाहीत. सगळ्यांना घराबाहेर काढतात आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन लावतात. हीट एक्स्चेंजरला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो आणि त्याला वास नसतो, हे सांगून ते कारागिराला बोलवायला लावतात. (जो काका इथे थांबत नाही त्याला आपण दाराशीच थांबवावं.) राहिला कंजूषपणाचा आरोप. तो मान्य. स्वतःच्या घरी ते पारा चौसष्ट फॅरनहाइटच्या वर जाऊ देत नाहीत आणि काकू वर्षातले पाच महिने शालीत असतात. पण 1965च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यावर काकांसारखे जे इंजिनिअर तिकडे गेले, ते प्रत्येक डॉलर रुपयांत मोजत होते, आणि ती सवय पेन्शनीतही सुटत नाही.

शिवाय त्या मुलखात कुणाच्या घरी न कळवता जायची सोय नाही. फर्नेस बंद पडली की मात्र काका लगेच हवे असतात, तेही थेट तळघरात, जिथे भारतात न्यायच्या बॅगा असतात आणि मुलाने सोडून दिलेला तबला असतो. फिल्टर बसवता बसवता तबल्याची चौकशी होते, नाशिकच्या आईच्या गुडघ्यांची होते, आणि चहाला तासभर लागतो. आताचे थर्मोस्टॅट फिल्टर बदलायची आठवण फोनवर करतात, आणि नव्याने आलेली मुलं वर्षाचा देखभाल करार करून मोकळी होतात. सोय उत्तमच आहे. फक्त थर्मोस्टॅट कुणाच्या आईची चौकशी करत नाही. तेव्हा या हिवाळ्याआधी फिल्टर बदलाच. पण बदलल्याचं काकांना आपणहून कळवू नका. विचारू द्या त्यांना.