हत्तीचा ऊस

भिलाईच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत माणसाची ओळख सेक्टरवरून होते. सेक्टर नऊ की सेक्टर दहा, एवढं कळलं की ऐकणारा तुमचा ग्रेड, पगार आणि मुलीच्या लग्नाचा अंदाजे खर्च मनातल्या मनात लावून मोकळा होतो. पण रिटायर झालं की क्वार्टर सुटतं आणि सेक्टरही जातो. आमचे काकाजी स्मृतीनगरात स्वतःचं घर बांधून राहायला गेले, तेव्हा काही दिवस त्यांना ओळखच उरली नव्हती. ती पुढे पंपावर मिळाली. तिथली पोरं त्यांना ‘एक्क्याण्णववाले कका’ म्हणतात. काकाजींचं वय 68 आहे. 91 हा तेव्हाच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन.

काकाजी मूळचे भंडाऱ्याकडचे. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये 36 वर्षं काढली. भट्टीला काय चारायचं, यावर त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिलेला नाही. कोळशात राख एक टक्का जास्त निघाली की त्यांचा घसा बसेपर्यंत आवाज चढायचा. “राख वाढली की कोक जास्त जळते अन् लोखंड कमी पडते,” हे वाक्य त्यांनी मला मी चौथीत असताना ऐकवलं होतं, आणि तेव्हा विषय माझ्या प्रगतिपुस्तकाचा होता. आपल्याकडच्या कोळशात राख फार, म्हणून ऑस्ट्रेलियाचा महाग कोळसा त्यात मिसळावा लागतो; त्या खर्चाबद्दल कोणी कुरकुर केली की काकाजी म्हणायचे, “भट्टीच्या पोटात कंजुषी चालत नाही बाप्पा.”

असा माणूस 2021 साली गाडी घेतो. रायपूरच्या एका व्यापाऱ्याने कंटाळून काढलेली, आठ वर्षं जुनी, जर्मन बनावटीची, दोन लिटरच्या टर्बो इंजिनाची, पेट्रोल पिणारी, रणगाड्याच्या रुंदीची. नव्या छोट्या गाडीच्या पैशात मिळाली. तिच्या जर्मन असण्यात काकाजींचा एक जुना हिशेबही चुकता होत होता. भिलाई उभी केली रशियनांनी, राउरकेला जर्मनांनी. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी राउरकेल्याची पहिली भट्टी 3 फेब्रुवारी 1959ला सुरू केली आणि भिलाईची 4 फेब्रुवारीला. हा एका दिवसाचा उशीर काकाजींना स्वतःचा पहिला वाढदिवस हुकल्यासारखा लागलेला आहे. आता जर्मन यंत्र त्यांच्या अंगणात, त्यांच्या हुकुमाखाली उभं होतं.

हुकूम पहिल्याच दिवशी सुटला. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने चिठ्ठी चिकटवली होती: 95. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली आणि झाकण लावून टाकलं. 95चं पेट्रोल लिटरमागे सात-आठ रुपयांनी महाग होतं. हत्ती बाळगायचा आणि दारात उसाचा भाव करत बसायचं, ही जात आपल्याकडे मोठी आहे. दीड टनाचा एसी घेऊन तो 30वर लावणारे आणि संगमरवरी बैठकीत झिरोचा बल्ब जाळणारे सगळे काकाजींचे सख्खे.

पंपावरचा त्यांचा सोहळा पाहण्यासारखा असतो. पोरगा विचारतो, “कतका के डारंव कका? महँगा वाला?” सोवळ्यातल्या माणसापुढे कोणी अंडं धरावं तसं काकाजी त्याच्याकडे पाहतात. “साधा.” मग मीटरवरचं शून्य बोट लावून तपासतात. पाचशेचं पेट्रोल गेलं की स्वतः पाइप हातात घेतात, खांद्याच्या वर धरतात आणि नळीतलं उरलंसुरलं टाकीत ओघळेपर्यंत तसेच उभे राहतात. मागची गाडी हॉर्न वाजवते. काकाजींचं लक्ष थेंबाकडे.

एकदा मी त्यांना समजवायला बसलो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम. इंजिनात हवा-पेट्रोल दाबलं जातं, तापतं, आणि त्याने ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत थांबायचं असतं. ज्याला दम नाही ते आधीच आपलं आपण पेटतं आणि आतून हातोडी मारल्यासारखा ठोका बसतो. टर्बो जास्त दाबतो, म्हणून त्याला जास्त संयमाचं पेट्रोल लागतं. 1926 साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनज्ञाने ही मोजपट्टी लावून दिली: आयसोऑक्टेन म्हणजे 100, हेप्टेन म्हणजे 0.

“मग मी साधं घालतो तर इंजिन फुटलं काहून नाही?”

मी म्हटलं, इंजिनाला कान लावून बसलेला एक सेन्सर असतो. ठोका ऐकू आला की गाडीतला संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि मायलेज दोन्ही घटतं.

“म्हणजे जर्मनाने सोय करूनच ठेवली ना!” काकाजी म्हणाले. “अन् रशियात तर 76 ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं. रशियन काय पायी फिरत होते?”

आतून काकू म्हणाल्या, “संयमाचं म्हणाल तर 95 मीच आहे या घरात.”

पुढचा घाव त्यांनी ह्यूस्टनच्या पुतण्याकडून आणला. त्याच्याकडे फोर्डचा भलाथोरला पिकअप ट्रक आहे आणि तो त्यात 87 ऑक्टेनचं घालतो, कंपनीच्या परवानगीने. काकाजींनी हे तीन घरांत सांगितलं. मी घाईघाईने खुलासा केला की अमेरिकेत मोजायची रीत वेगळी. ते दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी पाटीवर लावतात, त्यांचं 87 म्हणजे साधारण आपलं 91. काकाजी खुर्चीतून उठले. “म्हणजे अमेरिकाही 91वर चालते!” मी स्वतःच्या हाताने त्यांना हत्यार दिलं होतं.

न्यायाची गोष्ट म्हणजे उलट्या बाजूचे वेडेही मला ठाऊक आहेत. माझा एक मित्र 91वर सुखाने चालणाऱ्या छोट्या गाडीला शंभर ऑक्टेनचं पाजतो आणि गाडी ‘स्मूद’ झाली म्हणतो. म्हशीला बदाम घातले तर म्हैस खाते, दूध तेवढंच देते. पण काकाजींच्या झाकणावर 95 लिहिलेलं आहे.

काकाजींकडे हिशेबाची वही आहे, प्लांटची, करड्या पुठ्ठ्याची. मी ती उघडली. 95वर गाडीने लिटरला 10 किलोमीटर दिले होते, 91वर 9.4. भाव 108 आणि 100 धरले तर किलोमीटरला 10 रुपये 80 पैशांऐवजी 10 रुपये 64 पैसे. बचत 16 पैसे. महिन्याला 300 किलोमीटर म्हणजे 48 रुपये. “बचत ती बचत,” काकाजी म्हणाले. याच वहीत, दुर्गच्या पंपावर लिटरमागे 12 पैसे कमी आहेत म्हणून तिथवर मारलेल्या चकराही प्रामाणिकपणे लिहिलेल्या होत्या.

मग 2023च्या मे महिन्यात नागपूरचं लग्न निघालं. गाडीत आम्ही चौघं, मागे दुबराज तांदळाची 25 किलोची दोन पोती, बाहेर आगीचा पाऊस, आणि काकूंच्या आग्रहाने एसी चालू. उष्णता आणि ओझं, दोन्ही ठोक्याला आमंत्रण. महाराष्ट्रात पेट्रोल महाग म्हणून बागनदीच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरली, अर्थात साध्याने. देवरी सोडून साकोलीकडे निघालो. तो जंगलाचा पट्टा, थोडी चढण. काकाजींनी पाय दाबला आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज आला. दोनशे घोड्यांची गाडी बैलासारखी मान खाली घालून चालू लागली. मागून आमच्याच दुर्गचा, सीजी 07 नंबरचा छोटा हत्ती बकऱ्या घेऊन आला आणि पुढे गेला. एका बोकडाने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

समोरच्या पट्टीवर इंजिनाचं पिवळं चित्र उजळलं. “हे काय?” काकूंनी विचारलं. काकाजींनी पुढे पाहतच डावा हात मागे केला. “तुझी टिकली दे.” आणि मरून रंगाची ती टिकली त्यांनी दिव्यावर नेमकी बसवली. नागपूरपर्यंत कोणी बोललं नाही.

परत आल्यावर सुपेल्याच्या मेकॅनिकने प्लग काढून दाखवला. टोक पांढरं पडलेलं, कडेला बारीक फोड. “अंकल, पंचानबे डालो,” तो म्हणाला. काकाजींनी प्लग घेतला, उजेडाकडे धरला, फिरवला, मग बाकावर हलकेच आपटून कान लावला. चांगला कोक आपटला की धातूसारखा वाजतो. कोक ओव्हनचा माणूस कोणतीही वस्तू अशीच तपासतो. थोडा वेळ ते खरोखर विचारात पडले. मला वाटलं, 36 वर्षांची राख आता त्यांच्या डोळ्यांपुढे येणार.

“प्लगचा लॉट खराब आहे,” ते म्हणाले.

नवे प्लग बसले आणि 91 पुन्हा सुरू झालं. 2025 साली मात्र देवच पावला. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल सगळीकडे आलं आणि साधंच पेट्रोल आता 95चं झाल्याचं सरकारने सांगितलं. काकाजींनी पंपावर पाव किलो पेढे वाटले, म्हणजे तीन महिन्यांची बचत. उसाच्या मळीतून, मक्यातून, तांदळातून काढलेलं हे इथेनॉल. हत्तीला अखेर ऊस मिळाला, तोही भाव न करता.

फक्त इथेनॉलमध्ये जळून मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी असते, आणि गाडी त्याच्या आधीच्या जमान्यातली. वहीत 8.9 लिहिलं गेलं. त्यापुढे काकाजींनी कंसात ‘एसी?’ असं लिहिलं आहे. पिवळा दिवाही परत लागला. उन्हात टिकलीचा गोंद सुटतो, म्हणून काकूंनी हल्ली गाडीच्या कप्प्यात टिकल्यांचं अख्खं पाकीटच ठेवलंय.