तळाचा आकडा

मंदी आली की साहेबलोकांच्या केबिनमध्ये चिनी मातीच्या बाहुल्या वाढतात. अर्थतज्ज्ञांच्या हे लक्षात आलेलं नाही, कारण ते केबिनमध्ये गेले की त्यांना चहा मिळतो. राजीनामा द्यायला बोलावलेल्या माणसाला मात्र शोकेसकडे बघत बसण्याइतका वेळ मिळतो.

बाहुली असते वीतभर. युरोपातली मेंढपाळीण, हातात काठी, पायाशी कोकरू, गालावर लाली. किंमत एका ज्युनिअर अकाउंटंटचा दोन-तीन महिन्यांचा पगार. पण खरी गंमत तिच्या बुडाखाली आहे. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : २१२/१०००. म्हणजे जगात अशा हजारच बाहुल्या, त्यानंतर साचा मोडला. आता तळाचा आकडा बाहुली उभी असताना कसा दिसणार? म्हणून पाहुणा आला की साहेब तिला उचलतात आणि उलटी करतात. घागरा वर, डोकं खाली, कोकरू हवेत. "बघा, दोनशे बारा!" पाहुणा मान वाकडी करून वाचतो आणि "वा वा" म्हणतो. बाईचा चेहरा कसा आहे हे त्या केबिनमध्ये कुणालाच ठाऊक नाही. हल्ली शोकेसच्या फळीवर आरसा बसवलाय. वर दिवाही आहे, फक्त तो चेहऱ्यावर पडतो, म्हणजे वायाच.

"अहो, ही गुंतवणूक आहे." साहेबांचा शेअर बाजारावर विश्वास नाही. २००८च्या जानेवारीत एकवीस हजारांवर पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात नऊ हजारांखाली आलेला त्यांनी पाहिलाय. बाहुली कधी पडत नाही, म्हणतात. (पडते. आणि एक करंगळी उडाली की दोनशे बाराला कुणी विचारत नाही.) संग्राह्य ताटल्यांच्या काही मालिकांत तर नगांवर मर्यादाच नसते, भट्टीच्या दिवसांवर असते. ठरलेल्या दिवसांत भट्टीतून निघतील तितक्या सगळ्या 'मर्यादित'!

हा व्यवहार नवा नाही. १७१७ साली सॅक्सनीने प्रशियाला सहाशे घोडेस्वार दिले आणि चिनी मातीची १५१ भांडी घेतली. त्याला लोक आजही वेड म्हणतात. आज तेच केलं की त्याला 'खर्चाची पुनर्रचना' म्हणतात आणि त्याचं प्रेझेंटेशन होतं. शिवाय त्या घोडेस्वारांना दुसऱ्या फौजेत लगेच नोकरी तरी लागली. इथे चहाचं मशीन काढलं, कारण मंदी. मेडिक्लेममधून आईवडील वगळले, कारण मंदी. बाहुलीचा विमा मात्र पूर्ण रकमेचा, वाहतुकीतल्या मोडतोडीसकट. साहेब कौतुकाने सांगतात, की ही माती तेराशे अंशांवर भाजतात तेव्हा सातव्या हिश्श्याने आक्रसते. समोर बसलेल्याचा पगार कुठल्याही भट्टीत न जाता तिसऱ्या हिश्श्याने आक्रसलाय, त्याचं कौतुक कोण करणार? वर्षानुवर्षं मार्चएण्डला रात्री अकरापर्यंत थांबून ताळेबंद जुळवणाऱ्या बाईंना 'तुमची पोझिशन आता उरलेली नाही' हे सांगायला साहेबांना चार मिनिटं पुरतात, आणि त्यातही नजर बाईंवर नसते, त्यांची कोपरं शोकेसला लागतील का याच्यावर असते! लाज हा शब्द कुठल्या बजेट हेडखाली टाकतात, हे एकदा ऑडिटरला विचारायला हवं.

आणि दुर्मीळच हवं असेल तर बाईंच्याही गळ्यात नंबर होता की, पट्ट्याला लटकवलेला, उलटं न करता वाचता येणारा. साचाही मोडलाय, ती जागा पुन्हा भरायची नाही असं ठरलंय. तरी सर्टिफिकेट मिळालं ते 'रुजू होते' एवढंच सांगणारं, दोन ओळींचं.

मागच्या आठवड्यात शिपायालाही कमी केलं. त्यामुळे बाहुली पुसण्याचं काम आता एचआरकडे आलंय. रोज साडेनऊला, मऊ ब्रशने, बुडाखालचा आकडा न घासता. दहाला पहिला राजीनामा असतो.