दारं धरायच्या वेळी कबड्डी

2014 साली या देशात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन क्रांत्या झाल्या. 26 जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली आणि 12 ऑक्टोबरला फुटबॉलची इंडियन सुपर लीग. दोन्हींचा पहिला मोसम आटोपला तेव्हा प्रेक्षकांचे आकडे आले. कबड्डी पाहिली 43.5 कोटी लोकांनी, फुटबॉल 42.9 कोटींनी. आयपीएल या दोघांच्याही वर होती, पण तिचं नाव काढायचं नसतं. थोरल्या जावेशी कुणी बरोबरी करत नाही. मातीतल्या खेळाने साहेबाच्या खेळाला लोळवलं, म्हणून ज्यांनी शाळेत असताना 'गुडघे फुटतात' या कारणावरून हुतूतू टाळली होती, त्यांनीही मिशीला पीळ दिला.

फरक होता साठ लाखांचा. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार भरली. म्हणजे जाफराबादपासून परतूरपर्यंत, पाळण्यातल्या पोरांसकट, असे तीनेक जिल्हे टीव्हीपुढे आणून बसवले की कबड्डीचा विजय पक्का. आमच्या जिल्ह्याला एवढं महत्त्व लोकसभेच्या निवडणुकीतसुद्धा येत नाही.

आता या 'पाहिली'चा अर्थ नीट समजून घ्या. अशा आकड्यात अख्खा मोसम जागून काढणारा एक, आणि बातम्या शोधता शोधता मिनिटभर कबड्डीवर अडकलेलाही एकच. त्यातून तेव्हा कबड्डीही स्टारवर, फुटबॉलही स्टारवर. कबड्डीत जयपूरच्या संघाचे मालक अभिषेक बच्चन, फुटबॉलमध्ये चेन्नईच्या संघाच्या मालकांतही अभिषेक बच्चनच. वधूपक्षाकडूनही तेच आणि वरपक्षाकडूनही तेच. मग हुंडा कुणी कुणाला दिला याचा हिशेब आपण कशाला ठेवायचा? पण आपण ठेवतो. बारा वर्षं होत आली, पारावर अजून भांडण चालू आहे.

2015 पासून हे मोजमाप बार्क नावाची संस्था करते. देशात टीव्ही असलेली घरं साधारण 23 कोटी आणि मीटर लावलेली साधारण अठ्ठावन्न हजार. एक घर जवळपास चार हजार घरांच्या वतीने टीव्ही बघतं. आमदारसुद्धा इतक्या इमानाने आपलं प्रतिनिधित्व करत नाहीत. कुठल्या घरात मीटर आहे हे गुपित असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ऐकून घेतो. टीव्हीसमोर कोण बसलंय हे मात्र त्याला आपोआप समजत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला एक बटण नेमून दिलेलं असतं. बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं.

असा मीटर घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या घरात लागला आहे असं समजू. रात्रीचे आठ वाजलेत. आजी भिंतीला टेकून वाती वळतेय, सुनेचं लक्ष निम्मं तव्यावर आणि निम्मं मालिकेत, नातवाला कबड्डी हवी आणि आबांना फक्त 'उद्या लाइट कधी हाय' एवढंच हवं.

"काय लावलंय रे?"

"आबा, शेवटची रेड हाय. तीस सेकंद."

"मग तीस सेकंदांनी मालिका लाव. तुझी आई भाकरी करपवतीय."

आजीचं बटण दाबलेलं आहे. तिच्या खात्यावर आज रात्री चार हजार आज्यांनी कबड्डी पाहिल्याची नोंद होईल. आबा उठून गोठ्याकडे गेले, त्यांचं बटण तसंच राहिलं. त्यांच्यामागे चार हजार आबा मालिकेत रमले. आणि गंमत म्हणजे ती मालिका स्टार प्रवाहवरची असली, तर कबड्डी हरली तरी आणि मालिका हरली तरी जाहिरातीचे पैसे एकाच कंपनीच्या गल्ल्यात पडले.

प्रतिस्पर्ध्यांचं हे नाटक ऑस्ट्रेलियात आणखी रंगतं. तिथे फुटबॉल दोन. मेलबर्नकडचा लंबगोल मैदानावरचा ऑस्ट्रेलियन रुल्स आणि सिडनीकडचा रग्बी लीग. देशाचे या दोन खेळांत कसे दोन तुकडे पडतात ते दाखवायला त्यांच्या एका प्राध्यापकाने 1978 मध्ये नकाशावर चक्क एक काल्पनिक रेषा मारली आणि तिला बरासी या फुटबॉलपटूचं नाव दिलं. एकाची अंतिम लढत शनिवारी दुपारी, दुसऱ्याची रविवारी संध्याकाळी. मग दोन्हीकडचे आपापली फूटपट्टी काढतात. कुणी सरासरी सांगतो, कुणी एकूण पोहोच, कुणी शहरांपुरतं मोजतो. दोघेही पहिले येतात. आपल्याकडे ही रेषा कोल्हापूर आणि जालना यांच्यामध्ये कुठेतरी मारता येईल. तिकडे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमभोवतीचा रस्ता बंद होतो. इकडे जालन्यात रस्ता बंद व्हायला फुटबॉल लागत नाही.

खो-खोचं तर कुणी मनावरच घेतलं नाही. 14 ऑगस्ट 2022 ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो सुरू झाली. टीव्हीसाठी नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची केली, कुठल्याही दिशेने पळू शकणारा 'वजीर' आणला, रंगीत कपडे दिले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तोही आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोन्हीकडून जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. त्या रात्री किती घरांत मालिका थांबली, याचा आकडा मागू नका. वाईट वाटेल.

खरा घोळ वेळापत्रकाचा आहे. दिवाळी पुढेमागे झाली तरी आश्विन-कार्तिक सोडत नाही. प्रो कबड्डीचा मोसम मात्र पंचांगात बसत नाही. सुरुवात जुलैत. 2016 मध्ये वर्षात दोनदा. 2018 मध्ये एशियाडमुळे ऑक्टोबरात, आणि त्या एशियाडमध्ये इराणने आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीतच बाहेर काढलं. मग पुन्हा जुलै, नंतर डिसेंबर, मग ऑक्टोबर, परत डिसेंबर, परत ऑक्टोबर. 2025 मध्ये 29 ऑगस्टला सुरू होऊन 31 ऑक्टोबरला संपला. यातली काही धावपळ क्रिकेटच्या वाटेत येऊ नये म्हणून. क्रिकेटची वाट बारमाही आहे, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

या तारखा काढणाऱ्यांनी जालन्याचं शेत कधी पाहिलेलं नाही. जुलैत खुरपणी, माणूस नऊला आडवा. ऑक्टोबरात सोयाबीन मळणीला आणि कापूस वेचणीला, माणूस साडेआठलाच आडवा. डिसेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी, आणि शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच. मग माणूस बॅटरी घेऊन वाफ्यांची दारं धरायला जातो. मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर उभा करून कबड्डी लावतो. चढाईपटू मधल्या रेषेवर आला की रेंज जाते, रेंज आली की मोटर बंद पडलेली असते. बार्कच्या मीटरला तो दिसत नाही. तो मीटर घरात असतो, आणि घरात आजी असते.

आता मात्र चित्र बदलतंय. सौर कृषी पंप बसवण्यात जालना जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. दिवसा उन्हावर पाणी दिलं की रात्र मोकळी. येत्या मोसमात मराठवाड्यातून कबड्डीचे प्रेक्षक वाढले, तर मुंबईत कुणीतरी नव्या चढाईपटूचं, नव्या नियमाचं आणि नव्या गाण्याचं कौतुक करील. उन्हाचं नाव कुणी घेणार नाही.

ज्यांच्या शेतात सौर पंप अजून आलेला नाही, त्यांच्या वतीने लीगवाल्यांना एक विनंती. पुढच्या मोसमाच्या तारखा काढायच्या आधी आयपीएलचं नको, महावितरणचं वेळापत्रक मागवून घ्या. ज्या दिवशी आमच्या फीडरला दिवसाची लाइट असेल, त्या रात्री फायनल ठेवा. फुटबॉलवाल्यांनीही तेच करायला हरकत नाही. पण दोघांनी एकच रात्र मागू नका, घरात टीव्ही एकच आहे.