पैसे मोजून हमाली

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातून जाणारा हायवे ५० हा देशातला सगळ्यात एकाकी रस्ता, असं ‘लाइफ’ मासिकाने १९८६ साली छापलं. दुसरं एखादं राज्य रुसून बसलं असतं. नेवाडाने उलट पुस्तिकाच काढली: वाटेतल्या गावांचे शिक्के मारून आणा आणि रस्ता जिवंत पार केल्याचं प्रमाणपत्र न्या!

याच रस्त्यावर ईली हे गाव आहे. लास वेगसला खिसा हलका करून, चार तास वाळवंट तुडवत इथे पोचलेले लोक उरलेले पैसे कशावर उधळतात? भट्टीत कोळसा ढकलण्यावर.

तांब्याच्या खाणींसाठी बांधलेली नेवाडा नॉर्दर्न रेल्वे १९०६ साली पुरी झाली. पुढे खाणी बसल्या, गाड्याही थांबल्या, आणि कंपनीने ईलीतलं यार्ड गावाच्या पदरात टाकलं. इंजिनं, डबे, कारखाना, अगदी कपाटातले कागदसुद्धा. बाल्डविन कारखान्यातून १९१० साली आलेलं ४० नंबरचं इंजिन कामगारांनी भंगारवाल्यापासून लपवून ठेवलं होतं, असं सांगतात. एवढं धूड लपवणारे लोक थोरच. पण ते ज्यांना दिसलं नाही, तेही काही कमी नव्हेत.

आता हे यार्ड संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटलं की ‘हात लावू नये’ची पाटी आलीच. इथे हात लावण्याची पावती फाडतात.

पैसे भरून इंजिन चालवायचं, तर आधी नियमांचं पुस्तक वाचून लेखी परीक्षा द्यायची. मग उजवीकडच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं. खरा ड्रायव्हर शेजारीच उभा असतो आणि चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवतो. पुढे-मागे जायचं ते जॉन्सन बार नावाचा दांडा ठरवतो, वाफ थ्रॉटलने सोडायची. ब्रेक दोन, एक फक्त इंजिनाचा आणि दुसरा अख्ख्या गाडीचा. थ्रॉटल ओढला तरी इंजिन लगेच हलत नाही, म्हणून पाहुणा आणखी ओढतो. मग इंजिन असं उसळतं की पाहुण्याला एकदम घरचे आठवतात. फाटक आलं की दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब शिट्टी. पोक्त गृहस्थाच्या हाती ती दोरी आली की शेवटची शिट्टी नियमापेक्षा बरीच लांबते.

डावीकडे फायरमनचं राज्य. कोळसा ढीग करून ओतायचा नाही, भट्टीभर पातळ पसरायचा. पहिलं फावडं बहुधा निम्मं भट्टीत आणि निम्मं बुटात जातं. एक डोळा सतत पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर हवा. पाणी भट्टीच्या छताखाली उतरलं तर उघडं पडलेलं पोलाद तापून मऊ होतं आणि बॉयलर फुटतो. हे ऐकल्यावर दुसरा डोळाही आपोआप तिकडेच लागतो.

या कारखान्यात डर्ट नावाचा बोका होता. मूळचा पांढरा-तांबूस, पण काजळीत लोळून कायम राखी. २०२३ साली तो गेला. तोवर खास त्याला बघायला माणसं येत.

अमेरिकी नियमांप्रमाणे वाफेचं इंजिन १,४७२ दिवस कामावर गेलं किंवा १५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा बॉयलर खोलून तपासावा लागतो. देखभाल तर बारमाही. ईलीची उंची जवळजवळ दोन हजार मीटर, त्यामुळे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. तरी हौशी मंडळी रजा टाकून, आठवडाभराचे पैसे भरून कारखान्यात राबायला येतात. घरचा गळका नळ गेल्या दिवाळीपासून त्यांची वाट बघत असतो.