सोबतीचा नवरा

बायकोच्या मुलाखतीला सोबत जाणारा नवरा ही जमात अलीकडे चांगलीच फोफावली आहे. बायका शिकल्या, सेट-नेट झाल्या, आणि जागा मात्र शंभर-दीडशे किलोमीटरवर निघायला लागल्या. मग सोडायला कोणीतरी हवंच. कुठल्याही कॉलेजच्या आवारात हा नवरा लांबून ओळखू येतो. एका हातात बायकोची फाईल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर ‘आत मलाच बोलावलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लावला असता’ असा भाव. रत्नागिरीत या जमातीची एक खास पोटजात सापडते : आंबेवाला नवरा. आमच्या आळीतले भाऊ हा तिचा अस्सल नमुना.

भाऊंनी उभ्या जन्मात एकही मुलाखत दिलेली नाही. बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत वडिलांनी फवाऱ्याची नळी हातात दिली, ती अजून हातातच आहे. त्यामुळे मुलाखत या विषयावरचा त्यांचा अधिकार कोणाला नाकारता येत नाही. ज्यानं दोन-चार मुलाखती दिल्या आहेत त्याला आपण कुठे पडलो हे तरी ठाऊक असतं. भाऊ कधी बसलेच नाहीत, तर पडणार कुठून?

वहिनी ग्रंथपाल. शिक्षण रीतसर, वाचन त्याहून जास्त. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात त्यांचं लहानपण गेलं, आणि हे वाचनालय साधंसुधं नव्हे, 1828 सालचं. कोल्हापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली, वहिनींनी अर्ज केला, बोलावणं आलं. तारीख होती संक्रांतीनंतरची. इथेच घरात पहिली ठिणगी पडली.

कारण जानेवारी हा महिना भाऊंचा नाही, हापूसचा आहे. रत्नागिरीत थंडी पडते ती माणसांसाठी नव्हे, कलमांसाठी. थंडी नाही पडली तर मोहोर नाही. पडली आणि मुक्काम करून बसली तर पुनर्मोहोर, म्हणजे नवा मोहोर जुन्या कैरीच्या तोंडचं पळवणार आणि सुपारीएवढी फळं गळून जाणार. मळभ आलं तर तुडतुडे, दंव पडलं तर भुरी. आकाश निरभ्र असलं की भाऊ काळजीत असतात, कारण आता मळभ येणार. मळभ आलं की निदान काळजीला कारण मिळतं, मग जरा बरे दिसतात. ‘यंदा पीक चांगलं आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकल्याची नोंद नाही. फार झालं तर ‘बघू’ म्हणतात, आणि ते ‘बघू’ ज्या साली म्हणाले त्या साली त्यांनी गच्चीवर खोली चढवली.

अशा दिवसांत बाग सोडून घाटावर जायचं! “तू एसटीनं जा गो,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण वहिनी “बरं, जाते” म्हणाल्या आणि भाऊ घाबरले. बायको एकटी जाऊन मुलाखत देऊन आली, तर सल्ला द्यायचा कोणाला?

मला कोल्हापुरात डोळे दाखवायचे होते म्हणून मागच्या सीटवर जागा मिळाली. सीटचा अर्धा भाग माझा. उरलेल्या अर्ध्यावर फवाऱ्याची नळी, औषधाचा रिकामा डबा आणि वहिनींची हँगरला लावलेली इस्त्रीची साडी. साडीला औषधाचा वास लागेल म्हणून वहिनींनी काचा उघड्या ठेवायला लावल्या. पहाटे पाचची वेळ. भाऊंनी कानटोपी, मफलर आणि लग्नात आलेला स्वेटर असा पूर्ण पोशाख चढवला होता. समुद्रकाठच्या माणसाला थंडीचा सराव नसतो. आमच्याकडे अंगावर शाल आली की लोक ‘बरं नाही का’ म्हणून विचारतात.

नोकरीसाठी गाव सोडणं हे रत्नागिरीकरांना तसं जुनंच. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो 1916 साली इथेच वारला. सावरकरांना 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध केलं होतं. म्हणजे सरकारनं ज्यांना सक्तीनं ठेवलं ते राहिले, बाकीच्यांनी मुंबई गाठली. पण जायचं ते मुंबईला! पोटासाठी घाट चढून कोल्हापूरला जायचं, हे भाऊंच्या घराण्यात याआधी कोणी केलं नव्हतं. हातखंबा येईपर्यंत त्यांनी हे तीनदा सांगितलं.

पालीला गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला वळली आणि भाऊंनी वहिनींची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. रस्त्याचं काम चालू होतं, दर फर्लांगावर वळण. प्रश्न आणि खड्डा एकदमच यायचे.

“समज, त्यांनी विचारलं, तुमची कमजोरी काय?” हा प्रश्न त्यांनी मोबाईलवर कुठेतरी पाहिला होता. वहिनी तोंड उघडणार तोच उत्तरही त्यांनीच दिलं. “सांगायचं, मी फार मेहनत घेते, हीच माझी कमजोरी.”

“माझी कमजोरी गाडी चालवतेय,” वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

नाणीज गेलं, दाभोळे गेलं. साखरप्याला चहा झाला. वहिनींनी फक्त आवळासुपारी तोंडात टाकली, कारण पुढे आंबा घाट होता आणि त्यांना गाडी लागते. भाऊंनी दोन वडे खाल्ले आणि वहिनींच्या मांडीवरची वही उचलून घाटाखालच्या गार हवेत उभ्याउभ्या वाचायला घेतली. वहीत ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे आकडे होते. 1876 साली अमेरिकेतल्या या गृहस्थानं जगातलं सगळं ज्ञान आकड्यांत बसवलं; आपल्या पुष्कळ वाचनालयांत पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला नंबर असतो तो हाच.

“यात शेती कुठे?”

“630.”

“आणि आंबा?”

“फळबागा 634.”

भाऊंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. आपली बाग जगाच्या ज्ञानात आहे, तिला नंबर आहे! त्यांनी पेन काढून 634 तळहातावर लिहिला. मग शंका आली. “तुडतुडे?”

“कीड आणि रोग 632.”

“म्हणजे आंब्याच्या आधी?”

“आधी.”

“आणि खायचं?”

“खाद्यपदार्थ 641.”

भाऊ बराच वेळ गप्प होते. घाटाचं पहिलं वळण घेताना म्हणाले, “आधी रोग, मग बाग, मग खाणं. या माणसाची कलमं होती कुठे?” आणि तिथून पुढे वर्गीकरणावरचा त्यांचा विश्वास अढळ झाला. समोरून आलेल्या ट्रकला बाजू देताना, दरीकडच्या कठड्यावर बसलेल्या माकडांना हॉर्न देताना, ते मध्येच “फवारणी कुठे घालतात?” असं विचारत राहिले. वहिनी डोळे मिटून, जीव मुठीत धरून उत्तरं देत होत्या. मला तर वाटतं खरी मुलाखत घाटातच झाली, पुढची नुसती सही होती.

घाट चढून आंबा गावात पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की भाऊंनी गाडी थांबवून त्याचा अभ्यास केला. हेच धुकं खाली उतरलं तर भुरी किती येईल, याचा फोन बागेतल्या गड्याला गेला. मलकापूर सोडलं आणि उसाचा मुलूख लागला. गळिताचा हंगाम, त्यामुळे पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस आणि सगळ्यांच्या वर कर्ण्यातून गाणं. ओव्हरटेक करायला वाट नाही. वहिनी घड्याळ बघत होत्या आणि भाऊ ऊस बघत होते. “याला एफआरपी आहे, सरकारनं ठरवलेला भाव,” ते कळवळून म्हणाले, “आमच्या आंब्याला नुसतं कपाळ.” बांबवड्यापर्यंत हाच विषय. उसाला आंब्यावरचे तुडतुडे का लागत नाहीत, यात त्यांना कसलंतरी कारस्थान दिसत होतं.

वाटेतली शेवटची सूचना त्यांनी कोल्हापूर दिसू लागल्यावर दिली. “इथलं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. आपलं 1828. बावीस वर्षांनी आपण मोठे. हे सांगायचं.”

“अहो, नोकरी मागायला जातेय मी, भांडायला नाही.”

“सहज सांगायचं. बोलता बोलता.”

“मी असलं काही सांगणार नाही,” वहिनींनी निक्षून सांगितलं.

कॉलेजच्या आवारात एका झाडाखाली आमच्या आधी पोचलेले नवरे उभे होतेच. एकाच्या कडेवर पोर, एकाच्या खांद्याला बायकोची पर्स, एक मोटारसायकलवर बसून बायकोच्या प्रमाणपत्रांच्या छायाप्रती पुन्हापुन्हा मोजत होता. सांगलीकडचा, गारगोटीचा, कराडचा. वहिनी साडी बदलून आत गेल्या आणि भाऊ या मंडळींत मिसळले. तासाभरात त्यांना पॅनलवर कोण आहेत, कोणाला साखर आहे, जागा खुली की राखीव, पगार वेळेवर होतो का, हे सगळं कळलं. हे कळलं ते ऑफिसातल्या क्लार्ककडून. त्याच्याशी संधान बांधलं होतं आंबापोळीनं. पॅनलसाठी म्हणून भाऊंनी घरून चार पाकिटं आणली होती, ती वहिनींनी गाडीतच जप्त केली होती. पाचवं पाकीट स्वेटरमध्ये होतं. “लाच नव्हे हो,” भाऊ मला कुजबुजले, “नमुना आहे.” क्लार्कनं तिथेच उभ्याउभ्या नमुना संपवला आणि एप्रिलमधल्या पेटीचा भाव विचारला.

वहिनी बाहेर आल्या त्या चेहरा मिटूनच. भाऊंनी विचारलं, “काय विचारलं?” उत्तर नाही. तांबडा-पांढरा रस्सा जेवताना विचारलं, वहिनींनी मीठ मागितलं. माझे डोळे दाखवून झाले, गाडी पन्हाळ्याखालून परत निघाली, तरी बाईंच्या तोंडून शब्द नाही. भाऊंचा धीर सुटला. “नाही जमलं तर नाही. घरात काय कमी आहे? मी आहे, बाग आहे...” बागेचं नाव निघाल्यावर त्यांना फोन आठवला. गड्यानं सांगितलं, खाली मळभ आहे. आता खरोखरच काही कमी नव्हतं.

मलकापूर ओलांडल्यावर वहिनी म्हणाल्या, “सांगितलं मी.”

“काय?”

“तेच. पॅनलवर एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, आमच्या कोल्हापूरचं वाचन मंदिर 1850 सालचं, इतकी जुनी परंपरा तुमच्याकडे कोकणात कुठली असायला? मग मी म्हटलं, आमचं 1828चं.”

भाऊंनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. “बोलता बोलता सांगितलंस?”

“नाही. चांगलं ठणकावून.”

“मग?”

“मग ते म्हणाले, तुम्ही येऊ शकता.”

“म्हणजे नोकरीला?”

“म्हणजे खोलीबाहेर.”

भाऊंना आनंद लपवता येईना. घाट उतरताना ते गुणगुणत होते, आणि साखरप्याला त्यांनी वहिनींना विचारल्याशिवाय तीन प्लेट भजी मागवली. आळीत पोचेपर्यंत अर्ध्या रत्नागिरीला फोन झाले होते. नोकरीचं काय झालं हे कोणीच विचारलं नाही. कोल्हापूरला 1828 कळलं, एवढं पुरे होतं.

एप्रिलमध्ये फोन आला, त्याच क्लार्कचा. वहिनींनीच उचलला. पलीकडून तो म्हणाला, मॅडम, तुमचं नाव यादीत वर आहे, पण पदाला वरून मान्यता यायची आहे, फाईल अडकलीय, किती दिवस लागतील सांगता येत नाही. ते असो, साहेबांनी पाच पेट्या सांगितल्यात, भाऊंना विचारून कधी पाठवताय तेवढं सांगा.

भाऊ पडवीत गवतात आंबे लावत होते. वहिनींनी तिथूनच ओरडून पाच पेट्यांचं सांगितलं. भाऊ भाव ठरवायला उठणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांना हातानं थांबवलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“साहेबांना सांगा,” वहिनी म्हणाल्या, “पेट्यांची फाईलसुद्धा अडकली आहे. आंब्याला अजून मान्यता आलेली नाही.”